कुटुंब नोंदवही कशी लिहावी: नव्याने लागलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी

नवी सेविका रुजू झाली की तिला मोबाइल मिळतो आणि पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये काय कुठे भरायचं ते दाखवलं जातं. नोंदवही कशी लिहायची ते मात्र कोणी दाखवत नाही. ती कपाटात असतेच, आधीच्या ताईंच्या अक्षरात. नवी सेविका तीच नावं नव्या वहीत उतरवते, वर नवं साल टाकते, की झालं सर्वेक्षण! मग कधीच पुण्याला गेलेली कुटुंबं त्या वहीत अजून नांदत असतात, आणि गेल्या वर्षी वेगळ्या निघालेल्या धाकट्या भावाची दोन लेकरं कुठेच नसतात.

मी बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या एका वाडीवर अंगणवाडी चालवते. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे अर्धी वाडी ऊसतोडीला जाते आणि पाडव्याच्या सुमारास परतते. माझी वही लिहायची पद्धत या जाण्यायेण्यातूनच ठरली आहे. तुमचं गाव बारा महिने जागेवर असेल तर यातलं काही तुम्हाला जास्तीचं वाटेल, ते सोडून द्या. पण ज्या लेकराचे सहा महिने दुसऱ्या तालुक्यात, कधी कर्नाटकात जाणार आहेत, त्याच्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते तिथल्या अनोळखी सेविकेलाही कळेल असं लिहून ठेवलेलं पाहिजे. माझा सगळा भर त्यावर आहे.

ॲप असताना वही कशाला, असं बऱ्याच जणी विचारतात. ट्रॅकर २०२१ च्या मार्चमध्ये आला. त्याआधी अकरा रजिस्टरं होती: कुटुंबाचं, आहारसाठ्याचं, आहारवाटपाचं, पूर्वशालेय शिक्षणाचं, गरोदरपण आणि बाळंतपणाचं, लसीकरणाचं, जीवनसत्त्व अ चं, गृहभेटीचं, संदर्भ सेवेचं, गोषवाऱ्याचं आणि वजनाचं. बेरजा करता करता महिनाअखेर डोळे जायचे. तो ताप गेला हे चांगलंच झालं. पण ॲपचे रकाने ठरलेले असतात. ‘लेकरू आजीजवळ ठेवलंय, आजीला कमी दिसतं, दवाखान्यात न्यायचं झालं तर शेजारची जाऊ नेते’ याला त्यात रकाना नाही. आणि कोणाच्या घरी आधी जायचं हे तर असल्याच ओळींवरून कळतं. शिवाय रेंज नसते, फोन हँग होतो, सर्व्हर बंद असतो. अकरातलं पहिलं, कुटुंबाचं, तेवढं तरी हाताने लिहाच.

सर्वेक्षण

गणपती उठले की मी सुरू करते आणि दसऱ्याच्या आत संपवते, कारण त्यानंतर घरांना कुलपं लागायला लागतात. दुसरी फेरी पाडवा ते अक्षय तृतीया, माणसं परतल्यावर. एप्रिलमध्ये एकदाच सर्वेक्षण करून मोकळं होणाऱ्यांना हंगामाआधीची वाडी कधी कळत नाही.

मारुतीच्या पारापासून डाव्या हाताला धरायचं आणि गल्ली संपेपर्यंत हात बदलायचा नाही. दर वर्षी तोच क्रम. चौकटीवर गेरूने आपला घर क्रमांक घालायचा. ग्रामपंचायतीचा मिळकत क्रमांक वेगळा असतो, त्याच्याशी जुळवत बसू नका. नवं घर मध्येच उभं राहिलं तर सगळे आकडे पुढे सरकवायचे नाहीत. चौदा आणि पंधराच्या मध्ये चौदा अ. असं केलं तर मागच्या पाच वर्षांच्या वह्यांमध्येही तेच घर त्याच आकड्याला सापडतं.

कुटुंब म्हणजे एक चूल. एकाच वाड्यात तीन भाऊ राहत असतील आणि तीन चुली असतील तर कुटुंबं तीन. रेशनकार्ड एकच आहे म्हणून सगळ्यांना एका ओळीत कोंबू नका. प्रत्येक कुटुंबाला एक पूर्ण पान द्या. छापील रजिस्टरात जागा पुरत नाही, म्हणून मी दोनशे पानी फुलस्केप वही वेगळी ठेवते आणि छापील रजिस्टरात तिचा पान क्रमांक टाकते.

आता विचारायचं कोणाला? ओट्यावर बसलेले आजोबा मोठ्या उत्साहाने सगळं सांगतात आणि त्यातलं निम्मं चुकीचं असतं. नातीचं वय ते ‘असंल दोनेक वर्षांची’ असं सांगतात. आईलाच विचारा, ती घरात असेल अशा वेळी जाऊन. आमच्याकडे ती वेळ सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीला. सासूसमोर बोलत नसेल तर अंगणवाडीत आहाराचं पाकीट घ्यायला येते तेव्हा विचारा.

‘लेकरं किती?’ असा प्रश्न टाकला की समोर खेळणाऱ्यांची मोजणी होते. मामाकडे ठेवलेली मुलगी राहते, आणि गेलेलं लेकरू तर राहतंच. त्यापेक्षा क्रमाने विचारा. लग्न कोणत्या साली झालं? पहिलं बाळंतपण कधी, कुठं? त्याच्या पाठीवर? दोन लेकरांत चार वर्षांचं अंतर दिसलं तर मध्ये काही झालं होतं का, एवढंच हळूच विचारायचं. ती गप्प राहिली तर आपणही गप्प राहायचं. पुढच्या वेळी ती आपणहून सांगते.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सगळीकडची. त्यामुळे आपली गरोदर माता सातव्या-आठव्या महिन्यात आपल्या वहीतून उठून दुसऱ्या गावी जाते, आणि दुसऱ्या गावच्या लेकी आपल्याकडे येतात. दोघींचीही नोंद हवी. गेलेलीच्या पानावर माहेरचं गाव, तालुका, आईचा किंवा भावाचा फोन. आलेल्यांसाठी वहीच्या शेवटची दहा पानं राखून ठेवा, ‘पाहुण्या’ म्हणून. त्यांना घर क्रमांक द्यायचा नाही, नाहीतर पुढच्या वर्षी त्या कायमच्या रहिवासी होऊन बसतात.

शेवटच्या पाळीची तारीख गरोदरपण कळल्याबरोबर लिहा. सातव्या महिन्यात विचारलं तर कोणालाच आठवत नाही. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की अपेक्षित तारीख निघते. मातृ वंदना योजनेच्या अर्जालाही ही तारीख लागते, आणि कार्डावर एक, अर्जावर दुसरी असं झालं की पहिल्या बाळंतपणाचे ५,००० किंवा दुसऱ्या वेळी मुलगी झाल्यावरचे ६,००० रुपये अडकून बसतात.

नाव आणि जन्मतारीख

इथे मात्र घाई करू नका. सगळे घोळ याच दोन रकान्यांत होतात.

आमच्या वाडीवर सोनू कितीतरी आहेत, त्यात मुलगेही आणि मुलीही. बाळू, छकुली, पिंकी यांची गोष्ट तीच. हाक मारायचं नाव कंसात लिहा, खरं नाव आधी. बारसं झालेलं नसेल तर ‘बाळ’ म्हणून ठेवा आणि आईचं पूर्ण नाव लावा. मग बारशानंतर आठवणीने ते भरा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाचं नाव आपल्या राज्यात सरकारी कागदावर बाळाचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव अशा क्रमाने लागतं. वहीतही तोच क्रम धरा. त्याआधी जन्मलेल्या भावंडांचं दाखल्यावर जसं आहे तसं. एकाच पानावर दोन पद्धती दिसतील, दिसू देत.

आईची नावं दोन असतात. लग्नात बदललेलं आणि माहेरचं. आधारवर माहेरचं, माता-बाल संरक्षण कार्डावर सासरचं, बँकेच्या पासबुकावर तिसरंच काहीतरी. तिन्ही कागद समोर ठेवून जसंच्या तसं लिहा, अक्षरासकट. एका काना-मात्रेवरून परत आलेले अर्ज मी पाहिले आहेत.

जन्मतारखेला पुरावा कोणता पाहिला ते तारखेपुढे लिहायचं: दाखला, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, आधार, की नुसतं आईने सांगितलं. ‘पाहिलं’ आणि ‘सांगितलं’ हे दोन शब्द मी वहीभर वापरते. दाखला असेल तर वाद नको, तोच खरा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर शाळेपासून पुढे सगळीकडे जन्मतारखेला जन्मदाखलाच लागणार आहे, म्हणून ‘दाखला आहे का’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते आणि ती जिथे जन्म झाला तिथेच होते. फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणी, झालेलं बाळ असेल तर जन्मगाव, तालुका आणि दवाखान्याचं नाव नेमकं लिहून घ्या. ‘कारखान्यावर झालं’ एवढ्यावरून सहा वर्षांनी दाखला कोण काढून देणार? नोंद नाव न घालता झाली असेल तर वर्षाच्या आत नाव फुकट घालून मिळतं, हेही आईला सांगा.

आधारवर १ जानेवारी दिसली तर थांबा आणि पुन्हा विचारा. आपल्या आधीच्या दोन पिढ्या तर गुरुजींच्या कृपेने १ जूनलाच जन्मल्या आहेत. लेकरांचं तसं होऊ द्यायचं नाही.

कागदच नसेल तर कॅलेंडर काढा. जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही, चार-पाच वर्षांची खिळ्याला टांगलेली असतात. आईला तारीख आठवत नाही, सण आठवतो. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला’ असं ती म्हणाली की साल पक्कं करायचं, कारण पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला होता आणि २०२४ मध्ये २ सप्टेंबरला. साल कसं ओळखायचं? ‘त्या वर्षी धोंडा होता का?’ असं विचारा. धोंड्याला माहेरी गेलेली बाई ते विसरत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. धोंड्याच्या महिन्यात झालेलं त्या सालचं बाळ एवढ्यानेच महिन्याभराच्या आत पकडता येतं. मग आठवड्याचा वार, चंद्र होता की अंधारी रात्र, असं विचारत दोन-चार दिवसांवर येता येतं. तरी तारखेपुढे ‘अंदाजे’ लिहाच.

एवढा कीस कशाला? वयाच्या महिन्यावरच सगळं बसलेलं आहे. सहा महिने पूर्ण झाले की घरपोच आहार, तीन वर्षांनंतर अंगणवाडीत ताजा आहार. वाढीच्या तक्त्यावर वजन हिरव्यात की पिवळ्यात, हे वय दोन महिन्यांनी चुकलं तरी बदलतं. लहान बाळाच्या बाबतीत तर फारच.

वजन-उंची

याबद्दल प्रशिक्षणात भरपूर सांगतात, म्हणून थोडक्यात. दोन वर्षांच्या आतलं झोपवून मोजायचं, वरचं उभं करून. उलटं मोजावं लागलं तर तसं लिहा, कारण झोपवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा ०.७ सेंटिमीटरने जास्त धरतात. लेकरू आलंच नाही तर रकान्यात ‘गावी’ किंवा ‘आजारी’ लिहा. मागच्या महिन्याच्या वजनात शंभर-दोनशे ग्रॅम वाढवून लिहायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. अशी वही ओळखू येते, कारण तिच्यातलं एकही लेकरू कधी घटत नाही. खऱ्या लेकराचं वजन हगवणीत घटतं, तापात घटतं. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला की ते सॅम (तीव्र कुपोषित), ११.५ ते १२.५ च्या मध्ये मॅम (मध्यम कुपोषित). बैठकीत आकडा कमी दिसावा म्हणून लालमधलं पिवळ्यात ढकलायला कोणी सुचवलं, तर टेप आणि लेकरू दोन्ही त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, तुम्हीच मोजा मॅडम.

फडावर जाणारं लेकरू

ॲपमध्ये स्थलांतर दाखवायची सोय आहे, ती वापराच. पण नुसतं ‘स्थलांतरित’ लिहून पान बंद करणं म्हणजे काहीच न लिहिणं. माझ्या वहीत अशी ओळ असते:

‘मुलगी, १ वर्ष ७ महिने. आईवडिलांबरोबर गेली. निघाले २८ ऑक्टोबर. कारखाना, तालुका, जिल्हा. टोळी कोणाची, मुकादमाचा फोन. मागे: आजी, मोठा भाऊ (५ वर्षे). शेवटचं वजन ८.६, दंड १२.१, दोन्ही २१ ऑक्टोबरला. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस बाकी, २४ महिन्यांच्या आत. कार्ड आईजवळ. येणार पाडव्याला.’

कारखान्याचं नाव आईला बहुतेक माहीत नसतं, टोळी नेणाऱ्या मुकादमाला असतं. म्हणून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) वाटली जाते त्या दिवसांत मुकादमाला गाठा. टोळीत किती कोयते (म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या), कोणाकोणाबरोबर सहा वर्षांच्या आतलं लेकरू, हे तो एका दमात सांगतो. वजन निघण्याच्या आठ दिवस आधी घ्यायचं, ऐन दिवशी ट्रॅक्टरवर भांडी चढत असताना कोणी काट्यावर उभं राहत नाही. नवऱ्याचा फोन नंबर दर हंगामाला बदलतो, म्हणून दुसरा नंबर मागे राहणाऱ्या माणसाचा घ्या. हल्ली हे आणखी महत्त्वाचं झालंय. जुलै २०२५ पासून घरपोच आहाराला चेहरा पडताळणी आहे, आणि त्या नोंदणीला लागणारा ओटीपी आधारला जोडलेल्या फोनवर येतो. तो फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा फडात, आणि बाई आपल्यासमोर बाळ घेऊन उभी. गाव सोडायच्या आत नोंदणी उरकून घ्या.

प्रत्येक आईला मी अर्ध्या पानाची चिठ्ठी देते: लेकराचं नाव, जन्मतारीख, शेवटचं वजन तारखेसह, दिलेल्या लसी, पुढची लस कधी, कार्डावरचा आरसीएच (माता-बाल आरोग्य नोंदणीचा) क्रमांक, आपल्या अंगणवाडीचं नाव, माझा फोन. चिठ्ठी आणि कार्ड एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पाणी शिरतं. तिकडच्या अंगणवाडीत दाखव, असं सांगायचं आणि तिथली सेविका तुला ओळखत नाही, तर ही चिठ्ठी बोलेल हेही सांगायचं. दर वर्षी दोन-तीन तरी फोन येतात तिकडून, ‘ताई, तुमची एक बाई आलीय’ म्हणून.

मागे राहिलेल्या लेकराचं पान याहून नीट लिहा. सांभाळतं कोण, रात्री कोण जवळ असतं, पैसे कोणाकडे, दवाखान्यात न्यायला हो कोण म्हणणार. आईवडील हजर नसताना सॅम लेकराला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायची वेळ आली तर आजी एकटी निर्णय घेत नाही. मुलाला फोन लावते, आणि तो लागत नाही.

परत आले की आठवड्याच्या आत वजन. जातानाच्या वजनाच्या शेजारच्याच रकान्यात लिहा, म्हणजे हंगामाने काय केलं ते एका नजरेत दिसतं. नाव खोडायचं नाही, कुटुंब दोन हंगाम परतलं नाही तरीही नाही. ‘कायम स्थलांतर, कळलं अमुक तारखेला, अमुककडून’ असं लिहून पान तसंच ठेवा.

खाडाखोड, मृत्यू आणि न लिहायच्या गोष्टी

व्हाइटनर वहीजवळ आणू नका. चुकलं तर एक आडवी रेघ, वर दुरुस्ती, शेजारी तारीख आणि सही. जुनं वाचता आलं पाहिजे.

लेकरू दगावलं तर ते लिहायचं. तारीख, किती दिवसांचं, कुठे, आधी काय होत होतं. एक दिवस जगलेलं आणि मेलेलं जन्मलेलं, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. बाळ रडलं होतं का, हे विचारावं लागतं. दिवसकार्य होईपर्यंत वही घेऊन त्या घरी जाऊ नका, हात हलवत जा. नोंद तुम्हाला आशाताईंकडून आधीच मिळालेली असते. आईकडून फक्त खात्री करायची, तीही तिची तयारी असेल तेव्हा.

लेकराला नाव ठेवणारा शब्द लिहू नका. ‘मतिमंद’ लिहायला आपण डॉक्टर नाही. जे दिसलं ते लिहा: ‘दीड वर्षाचं, आधाराशिवाय बसत नाही, ताट वाजवलं तरी मान वळवत नाही.’ राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांना या ओळीचा उपयोग होतो. नवरा पितो, दुसरी बायको केली, कोणाला कोणता आजार आहे, हे गावात सगळ्यांना माहीत असलं तरी वहीत येत नाही. मारहाण दिसली तर पर्यवेक्षिकेशी बोला, पण कुटुंबाच्या पानावर ती मांडू नका, कारण हे पान खूप जण उघडतात.

उघडण्यावरून आठवलं. निवडणूक आली की कोणीतरी येतं: ताई, जरा यादी द्या ना, कुटुंबं आणि फोन नंबर. सोसायटीवाले येतात, विमावाले येतात. सरळ सांगा, कार्यालयाचं लेखी पत्र आणा. पानाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, सुपरवायझर मॅडमनी मागितला तरी ग्रुपवर नको, त्यांना एकटीला पाठवा.

मिळवणी आणि जपणूक

ग्राम आरोग्य व पोषण दिनाला नर्सबाई, आशाताई आणि आपण एका ठिकाणी असतो. लसीकरण आटोपलं की अर्धा तास बसून तिघींच्या याद्या नावानिशी ताडून पाहा. नुसती बेरीज जुळली म्हणून खूश होऊ नका. एकीकडे एक जास्त, एक कमी असलं तरी बेरीज जुळते. गरोदर माता आशाताईंना आधी कळतात, नवीन आलेली कुटुंबं आपल्याला.

वह्या लोखंडी पेटीत, कडुलिंबाचा पाला घालून, विटांवर ठेवलेल्या. भिंतीला टेकवली की पावसाळ्यात वाळवी येतेच. भरलेली वही रद्दीत देऊ नका. दुरुस्तीचे दाखले काढायला लोक येतात, लेकरं मोठी झाल्यावरही.

उन्हाळ्यात शाळेचे गुरुजी पहिलीच्या पटासाठी यादी मागतात. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणारी सगळी लेकरं त्यात घ्या, आजीकडे असलेली आणि फडावरून अजून न परतलेली सुद्धा. प्रत्येकापुढे दाखला आहे की नाही ते लिहा. नसलेल्यांची नावं मी एप्रिलमध्येच वेगळी काढते, म्हणजे जन्म कोल्हापूर-सांगलीकडे झाला असेल तर बापाला परत येतानाच तिथल्या ग्रामपंचायतीतून दाखला घेऊन यायला सांगता येतं.